पहिल्या क्रमांकाची किंमत

१२ जानेवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद.

गेल्या सोमवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे दुकान उघडलं, काउंटर पुसला, खुर्चीत बसून डोळे मिटले आणि देवाचं नाव घेऊ लागलो. तेवढ्यात टपालवाल्याने तुझं जाड पाकीट समोर आपटलं. मी डोळे उघडले. देवाने म्हटलं असेल, बघ बाबा, तुझं काय महत्त्वाचं आहे ते आधी उरक.

पाकिटात रंगीत कागदांची चळत. त्यांवर डोंगरासारख्या चढणाऱ्या रेघा. शेवटच्या पानावर चौकटीत सात अंकी रक्कम आणि वर मथळा: ‘आपल्या वेबसाइटच्या शोध-क्रमांकांचे अंदाजे वार्षिक मूल्य’. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं पाकीट चुकून माझ्याकडे आलं. शेजारच्या चावीवाल्याला दाखवलं. त्याने अंक डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले आणि म्हणाला, “आजपासून चहा तुमच्याकडून.”

तू इथे येऊन गेल्याला बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो, माझ्यात काही बदल झालेला नाही. इस्पितळाच्या मागच्या फाटकासमोर जिन्याखाली तीच खोली आहे. कानाची मशीनं साफ करतो, नळ्या बदलतो, बॅटऱ्या विकतो, कुणाला लागलं तर मशीनही विकतो. ती वेबसाइट तूच हौसेने काढून दिलीस. लोक रोज तेच तेच विचारायचे म्हणून मी उत्तरं लिहून ठेवली. मशीन शिट्टी का मारतं, भिजलं तर काय करावं. आणि एक पान ‘ऐकू कमी येतंय, काय करावं?’ असं. त्यात पहिलीच ओळ आहे: मशीन घेण्याआधी कानाच्या डॉक्टरांना कान दाखवा, नुसता मळ असू शकतो. काडी, पिन, किल्ली आत घालू नका. आणि मशीन लागणारच असेल तर लाजू नका, चष्म्याला कुठे लाजता?

या पानाने मला आजवर एक पैसा दिलेला नाही. मग ही रक्कम आहे कुठे? मला मिळायची आहे की मी भरायची आहे? लवकर कळव, कारण तुझ्या वहिनीने कागद पाहिला आहे.

फोन केला असता, पण फोनवर तू बोलतोस आणि मी ‘हं’ म्हणतो. पत्रात निदान आळीपाळीने बोलता येतं.

मामींना नमस्कार. त्यांच्या कानांचं कसं आहे?

तुझा,
दादा

---

२१ जानेवारी

प्रिय दादा,

सा. न.

तुझ्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा टपालाचं तिकीट विकत घेतलं. ऑफिसात सगळे माझ्याकडे म्युझियममधल्या वस्तूसारखे बघत होते.

आता नीट ऐक. पैसे भरायचे नाहीत! हिशेब अगदी सोपा आहे. ‘ऐकू कमी येतंय काय करावं’ हा प्रश्न महिन्याभरात किती लोक सर्चमध्ये टाकतात ते आमच्या जाहिरात-कंपनीत कळतं. जो पहिला दिसतो त्याच्यावर त्यांतले साधारण तिसरा हिस्सा लोक क्लिक करतात. पहिला कोण दिसतो? तू! कंपन्यांच्या डोक्यावर बसलायस तू, दादा. आता तेच लोक एखाद्या कंपनीला जाहिरात देऊन आणायचे झाले तर प्रत्येक क्लिकमागे पैसे मोजावे लागतात, आणि कानाच्या मशीनच्या धंद्यात ते भरमसाट आहेत. लोक गुणिले क्लिक गुणिले जाहिरातीचा दर. असे तुझ्या सगळ्या पानांचे आकडे जोडायचे, की झाली तुझी किंमत. तुला फुकटात मिळतंय ते विकत घ्यायला किती पडलं असतं, एवढंच.

आता खरी बातमी. आमचा एक क्लायंट आहे, कानाच्या मशीनची मोठी कंपनी. त्यांना तुझी साइट विकत हवी आहे. पूर्ण रक्कम देणार नाहीत, पण जी देतील त्यात तुझं जिन्याखालचं दुकान जिन्याच्या वर येईल. तू लिहायचं काही नाही, करायचं काही नाही, फक्त सही. साहेबांनी हे काम माझ्यावर सोपवलंय. जमलं तर मला विभागप्रमुख करणार आहेत. केबिन, दादा! काचेची का होईना, पण दार असलेली.

आईचं म्हणशील तर पार बहिरी झाली आहे. मी त्याच कंपनीचं सगळ्यात महागडं मशीन दोन्ही कानांना घेऊन दिलं. त्यांचा माणूस घरी येऊन मोफत तपासणी करून गेला. पण ती ते डबीत घालून कपाटात ठेवते. म्हणते, कानात पंखा फिरतोय असं वाटतं. म्हातारपणी माणसं हट्टी होतात, दुसरं काय.

तुझा,
भोंग्या (ऑफिसात हे नाव कुणालाही सांगू नकोस)

---

४ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद.

हिशेब समजला. गावच्या शाळेत आम्हाला गुरुजींनी गुणाकार शिकवला होता, पण कशाला कशाने गुणायचं ते शिकवायचं राहून गेलं असावं.

मी हा हिशेब चावीवाल्याला समजावला. तो लगेच म्हणाला, मग समोरच्या झाडाचीही किंमत काढा. त्याच्याखाली रोज किती लोक उभे राहतात, गुणिले छत्रीचा भाव. झाड लखपती निघालं. त्याला अजून कुणी कळवलेलं नाही.

तुझ्या वहिनीने तर पुढचीच पायरी गाठली. लग्नापासून आजवर ती रांधते आहे तेवढं मी हॉटेलात जेवलो असतो तर किती झालं असतं, ते तिने कागदाच्या मागच्या बाजूला मांडलं. रक्कम तुझ्या साहेबांच्या रकमेहून मोठी आली. म्हणाली, “आता मला विकता, की ते संकेतस्थळ विकता? एकच ठरवा.” मग त्याच कागदावर तिने नव्या स्वयंपाकघराचा ओटा कुठे येईल तेही काढलं. बाजारात तुरी, दुसरं काय! पण मीही खिडकी कुठे असावी ते सुचवलं, हे कबूल करतो.

गंमत अशी, की हे सगळं हसण्यावारी नेलं तरी रक्कम मनातून जात नाही. पूर्वी दुकान उघडलं की मी डोळे मिटायचो. आता आधी फोन उघडतो, तोच प्रश्न टाकतो आणि आपण पहिले आहोत ना ते पाहतो. आहोत असं दिसलं की बरं वाटतं. मग देवाचं नाव घेतो, पण ते पारोशा तोंडाने घेतल्यासारखं होतं. परवा क्षणभर दुसरा दिसलो, तर सबंध सकाळ एका आजोबांवर उगाच खेकसलो. ते बिचारे बहिरे, त्यांना वाटलं मी मोठ्याने बोलून मदत करतोय. आभार मानून गेले.

नाकापेक्षा मोती जड झाला आहे रे. विकून टाकलं तर निदान ही खाज तरी जाईल, असंही वाटतं. पण मला एक सांग. ती कंपनी पानाचं काय करणार? ती मशीन विकते, आणि माझं पान तर म्हणतं की आधी डॉक्टरकडे जा.

तुझा,
दादा

---

१३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सा. न.

आधी अभिनंदन! तुझी किंमत वाढली. दोन कंपन्यांत जाहिरातीची चढाओढ लागलीय, त्यामुळे क्लिकचा दर वर गेला आणि तूही वर गेलास. बसल्या जागी! वहिनीला सांग, ओटा संगमरवरी घे.

पानाचं म्हणशील तर काहीही बदलणार नाही. फक्त वरती एक छोटीशी चौकट येईल: ‘थांबा! वेळ दवडू नका! आजच घरबसल्या मोफत श्रवण-तपासणी. आपला नंबर द्या.’ बस, एवढंच. तुझं डॉक्टरांचं वाक्य जरा खाली जाईल, ‘अधिक वाचा’ दाबलं की उघडेल. ज्याला वाचायचं तो वाचेल. कुणी अडवलंय?

साहेब रोज विचारतात, “भावाचं काय झालं?” मी सांगतो, भाऊ देवमाणूस आहे, सही करणारच. आता तूच बघ. माझ्याबरोबरचा पोरगा तुझ्याहून लहानशी साइट आणून केबिनमध्ये बसलाय आणि मी अजून झेरॉक्स मशीनच्या शेजारी.

कागद सोबत पाठवलाय. खूण केलेल्या जागी सही.

तुझा,
भोंग्या

---

२२ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. पेनाचं टोपण दोनदा काढलं आणि दोनदा लावलं.

मी काही केलं नाही तरी महाग झालो, हे वाचून मात्र डोक्यात थोडा उजेड पडला. पान तेच, मी तोच, अक्षरही हललेलं नाही. मग वाढलं काय? तर माझ्या जागेवर उभं राहायला मिळावं म्हणून कोण किती द्यायला तयार आहे, ते वाढलं. म्हणजे ही किंमत मी सांगतो त्याची नव्हेच. माझ्या जागी उभं राहून त्याच माणसाला उलटं सांगण्याची ही किंमत आहे. देवळाच्या दारातली जागा लाखमोलाची, पण ते मोल चपला विकणाऱ्यासाठी. देव तर आतच बसलेला असतो, त्याचा भाव अजून कुणी काढलेला नाही.

तुला वाटेल, दादा प्रवचन देतोय. नाही रे. ओट्याचा नकाशा अजून भिंतीवर आहे. मला थोडा वेळ दे.

परवा दुकानात ओळखीतल्या एक बाई आल्या होत्या. माझं पान कुणाच्या तरी फोनवर वाचून एवढा प्रवास करून आल्या. त्यांना समोर इस्पितळात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. पुढचं त्यांचं त्या सांगतील तेव्हा सांगतील.

तुझा,
दादा

---

६ मार्च

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर बघून दचकू नकोस, तुझी मामीच लिहिते आहे. तू त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलंस त्याला आता बरेच दिवस झाले. त्यांनी कानातून काढलेला तो मळ मी विसरत नाही. एवढा ऐवज मी डोक्यात बाळगून होते, आणि मोफत तपासणीवाल्या त्या टायवाल्याला तो दिसला नाही! त्याने कानात पाहिलंच कुठे? हातात पुस्तक दिलं आणि म्हणाला, मॉडेल निवडा. वयामुळे थोडं कमी ऐकू येणारच, असं बाई म्हणाल्या. तेवढं कमीच बरं.

तुला म्हटलं होतं ना, घरी सांगू नकोस? देवदर्शनाला जाते म्हणून निघाले होते. मीही सांगितलेलं नाही. मी बहिरीच आहे असं सगळ्यांना वाटतंय, आणि इतकी मौज मी बऱ्याच वर्षांत केली नव्हती. सूनबाई माझ्याच समोर तिच्या बहिणीला म्हणाली, “आमच्या सासूबाई ना, जेवायच्या वेळी बरोबर ऐकतात.” मी हसून मान डोलावली. ती घाबरली. मग म्हणाली, “नाही गं, उगाच हसतात त्या.”

पण हसण्यावारी नेण्यासारखं नाही असंही एक कानावर आलं, म्हणून लिहिते. तुझा भोंग्या परवा माझ्या शेजारी बसून साहेबांशी फोनवर बोलत होता. बायकोने खूण केली, हळू बोला. तर म्हणाला, “आईला कुठे ऐकू येतंय?” आणि साहेबांना म्हणाला, “चौकट वगैरे मी त्याच्या समाधानासाठी लिहिलंय. एकदा सही झाली की ते पानच काढून टाकू आणि तिथे आपलं विक्रीचं पान लावू. दादाला कळणारही नाही, तो आपला देवदेव करत बसलेला असतो.”

पोटचा पोर आहे, म्हणून वाईट वाटलं. वाईट बुद्धीचा नाही तो. लहानपणीही बक्षीस दिसलं की शर्यत कुठली आहे हे विचारायचा नाही, धावत सुटायचा. तू सही करायची की नाही ते तुझं तू ठरव. ओट्याची गोष्ट तुझ्या बायकोने मला सांगितली आहे, आणि तिचं काही चुकलेलं नाही. पण माझ्यासारख्या किती बायका त्या टायवाल्याची वाट बघत बसल्या असतील, एवढं मनात धर.

भोंग्याला यातलं काही कळवू नकोस. अजून चार दिवस मला बहिरी राहू दे.

तुझी,
मामी

---

१४ मार्च

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद.

एकच विचारतो. सही झाल्यावर ते पान राहील ना? चौकट लावा, रंग लावा, माझं नाव काढा. पण ‘आधी डॉक्टरांना कान दाखवा’ एवढं राहील ना?

तुझा,
दादा

---

२० मार्च

प्रिय दादा,

सा. न.

काय रे हे, आपल्या माणसावर अविश्वास? लहानपणी तू मला खांद्यावर बसवून फिरवलंस, आणि मी तुला फसवीन? एक अक्षर हलणार नाही. आईची शपथ! मोठ्याने म्हणतच लिहितोय. आई समोरच बसली आहे, बघ, हसते आहे.

सही पाठव. महिनाअखेर आहे.

तुझा,
भोंग्या

---

८ मे

दादा,

काय केलंस तू?

पावणेदोन महिने तुझं पत्र नाही, फोन उचलत नाहीस आणि आज साहेबांनी तुझा रिपोर्ट काढला तर तू सातव्या नंबरवर! तुझ्या वरती इस्पितळ, तीन ग्रंथालयं, ज्येष्ठ नागरिकांचा कुठलासा संघ, कानाच्या डॉक्टरांची संघटना, आणि सगळ्यांकडे तुझंच पान, शब्दाला शब्द! अक्षरशः चोरी झाली आहे. आम्ही वकिलाची नोटीस तयार ठेवली आहे, तू फक्त हो म्हण. सातव्या नंबरवर कुत्रंसुद्धा क्लिक करत नाही, दादा. तुझी नवी किंमत काढली. साहेबांनी ती मीटिंगमध्ये मोठ्याने वाचली आणि लोक हसले. त्या पैशात आमच्या ऑफिसचा एक दिवसाचा चहासुद्धा येत नाही.

आणि घरात आणखी एक भानगड. काल मी आणि ही हळू आवाजात बोलत होतो, आईला कुठल्या खोलीत हलवायचं वगैरे, तर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मला खिडकीची चालेल.” माझ्या हातातला कप पडला. किती महिन्यांपासून ऐकू येतंय असं विचारलं तर म्हणते, “तुझी शपथ ऐकण्याइतपत.”

तुला हे माहीत होतं?

भोंग्या

---

१७ मे

प्रिय भोंग्या,

अनेक आशीर्वाद.

हो, माहीत होतं. तुझ्या आईला मीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. तू फोनवर साहेबांना काय सांगितलंस तेही माहीत होतं, तुझी शपथ वाचली तेव्हाही. त्या दिवशी मला राग आला होता, म्हणून लिहिलं नाही. रागात मी शुद्धलेखनाच्या फार चुका करतो.

नोटीस फाडून टाक. चोरी झालेली नाही, मी वाटलं आहे. ही माझी अक्कल नव्हे हो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुमचं पान आमच्या इस्पितळाच्या साइटवर लावलं तर चालेल का?” खरं सांगायचं तर मनात पहिला विचार आला तो माझ्या क्रमांकाचा. इस्पितळ मोठं, ते वर जाणार, मी खाली. त्या विचाराची मला एवढी लाज वाटली की मी लगेच हो म्हणालो, आणि मग आणखी लाज वाटू नये म्हणून पानाच्या वर लिहून टाकलं: हा मजकूर कुणीही जसाच्या तसा उचलावा, नाव लिहू नये, फक्त पहिली ओळ गाळू नये. ज्यांना ज्यांना उपयोग होईल असं वाटलं त्या सगळ्यांना चावीवाल्याच्या मुलीने माझ्यातर्फे ईमेल पाठवले. तिने मोबदला मागितला नाही, पण चहा आता खरोखरच माझ्याकडून आहे.

मग मी सातवा झालो. पहिले काही दिवस फार जड गेले. तुला वाटतं तसा मी देवदेव करत नव्हतो, फोन उघडून खाली खाली घसरणारं माझं पान पाहत होतो. तुझी वहिनी म्हणाली, “कुणी वारल्यासारखं तोंड का केलंय?” मी म्हटलं, स्वयंपाकघर वारलं. तिने भिंतीवरचा नकाशा काढला, घडी घालून डाळीच्या डब्याखाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली. तो तिचा हक्क होता. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “मामी मशीनशिवाय फोनवर बोलल्या. जुनाच ओटा घासून घेते.” मला वाटतं, हे माफ केल्यासारखंच आहे. नक्की विचारायची हिंमत मात्र झालेली नाही.

आता तुमच्या हिशेबाची गंमत बघ. पहिल्या सहाही जागी तेच वाक्य आहे. पूर्वी एका पानावर वाचायचे ते लोक आता सहा पानांवर वाचतात. आधी डॉक्टर, मग मशीन. वाचणारे वाढले आणि किंमत चहाइतकी उरली. तुझ्या साहेबांना सांग, सगळं विकत घ्यायचं तर आता इस्पितळही विकत घ्यावं लागेल, आणि ग्रंथालयंही. जमलं तर माझा नमस्कार सांग.

तुझ्या केबिनचं मात्र मला वाईट वाटतं. खोटं लिहीत नाही. तू शर्यतीत फार पळतोस आणि पळताना ऐकत नाहीस. त्याला मळ म्हणत नाहीत, त्यामुळे डॉक्टरीणबाईंचा उपयोग नाही. तुझी आई आता ऐकते आहे, तिच्याशी बोलून बघ. टोमणे बसतील, पण खरे बसतील. ती मशीनं परत कर, आणि कंपनी घेत नसेल तर माझ्याकडे पाठव. ज्याला खरोखर हवीत पण परवडत नाहीत असा एक शिंपी माझ्या यादीत आहे. डॉक्टरीणबाई त्याच्या कानांना बसवून देतील.

तुझा तो सहीचा कागद इतके दिवस खणात पडून होता. फाडून टाकावा असं बऱ्याचदा वाटलं. पण तू म्हणाला होतास, साहेब रोज विचारतात. म्हणून आज त्यावर सही केली. रकमेच्या रकान्यात ‘काही नाही’ असं अक्षरी लिहिलं, म्हणजे पुढे कुणी शून्यं वाढवायला नको. हे पत्र आधी साहेबांना वाचून दाखव, त्यांना अंधारात ठेवू नकोस. त्यानंतरही त्यांना साइट हवी असेल तर ती तुमची. पान खुशाल पुसा. कागद पाकिटात घातला आहे, तिकीट लावलं आहे आणि पेटीत टाकायला आता उठतो आहे.

तुझा,
दादा

ता. क. टाकला.
(हे पाकिटावर लिहितो आहे. पेटीपाशीच उभा आहे. मनात आलं, पुन्हा विचार करावा का. म्हणून ‘टाकला’ असं आधीच लिहून पाकीट सोडायचं ठरवलं.)